काटा खोटा की गाडी गरम? जुन्या ट्रकचं टेम्परेचर मीटर

ऐकायचं सोडून वाचत असाल, तर हा त्याच भागाचा मजकूर आहे. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधलं "अं अं" तेवढं गाळलंय.

आजचा विषय दिसायला एवढासा आहे. डॅशबोर्डवरचा एक काटा. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. गाडी गार की गरम, एवढंच सांगायचं त्याचं काम. पण ज्यांच्या घरी जुना ट्रक आहे, टँकर आहे, टाटा ४०७ आहे, त्यांना विचारा. दहातले सहा जण म्हणतील, "ते मीटर? ते तर कधीच बंद पडलंय." आणि उरलेल्यांतले दोघं म्हणतील, "चालू आहे, पण त्याचं काही खरं नाही."

आपल्या नांदेड-लातूर पट्ट्यात जुन्या गाड्या अजून भरपूर चालतात. सोयाबीन निघालं की मोंढ्यात, गाळप सुरू झालं की साखर कारखान्यावर, आणि उन्हाळा लागला की पाण्याच्या टँकरला. नव्या गाड्या लांब पल्ल्याला जातात, जुन्या गाड्या गावाजवळ राबतात. त्यांच्याकडे कोण लक्ष देणार? म्हणून आज देऊ या.

बिघडलेल्या काट्याची किंमत

काटा दोन प्रकारे खोटं बोलतो. एक, गाडी गार असताना गरम दाखवतो. दोन, गाडी गरम असताना गार दाखवतो. दुसरा प्रकार घातक आहे हे कोणालाही कळतं. हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि नशीब फारच वाईट असेल तर ब्लॉकला तडा. मग गाडी आठवडाभर गॅरेजला, हंगाम तिकडे चालू, आणि हप्ता काही थांबत नाही.

पण पहिला प्रकारही तेवढाच वाईट आहे, आणि तो कोणी मनावर घेत नाही. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आठवते ना? काटा रोज खोटं ओरडला की ड्रायव्हर त्याच्याकडे बघायचंच सोडतो. मग एक दिवस काटा खरं ओरडतो, आणि ऐकायला कोणी नसतं.

आणि यात भांडणं होतात, बरं का. इंजिन बसलं की मालक म्हणतो, "तुझं लक्ष कुठं होतं?" ड्रायव्हर म्हणतो, "मालक, दोन वर्षं झाली सांगतोय, मीटर चालत नाही." मालकाला ते ऐकायचं नसतं, कारण समोर मोठं बिल असतं. मग ते बिल कोणाच्या पगारातून जातं, ते तुम्हाला माहीत आहे. चालू मीटर असणं म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूने एक साक्षीदार असणं. एवढी साधी गोष्ट आहे. म्हणून मालकाच्या पोरांनी हा भाग ऐकावा, आणि ड्रायव्हरच्या पोरांनी तर नक्कीच ऐकावा.

मीटर चालतं कसं?

जुन्या गाड्यांत दोन प्रकारची मीटरं सापडतात. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते आधी बघा, कारण दोन्हीची दुरुस्ती वेगळी.

पहिलं, नळीचं मीटर. इंजिनमध्ये एक छोटा बल्ब बसवलेला असतो, दिव्याचा नाही, पितळेची बंद कुपी. तिच्यात सहज उडून जाणारा द्रव असतो. तिथून केसासारखी बारीक पोकळी असलेली नळी थेट मीटरपर्यंत येते. पाणी तापलं की आतला दाब वाढतो आणि मीटरमधली वाकडी नळी थोडी सरळ होते, काटा फिरतो. ही वाकडी नळी फ्रान्सच्या युजीन बूर्दों यांनी १८४९ साली पेटंट केली. हवेच्या प्रेशरचं मीटर असतं ना, त्यातही बहुतेक वेळा तीच असते. या मीटरला वीज लागत नाही. बॅटरी काढून ठेवा, तरी ते चालतं. पण नळी कुठे मुडपली, घासून तुटली, की आतला दाब गेला आणि काटा कायमचा खाली बसला. ते दुरुस्त होत नाही. नळी, बल्ब आणि मीटर असा अख्खा संच बदलावा लागतो. नवा बसवताना नळीला कोपऱ्यात मोडू नका, आणि इंजिनजवळ एक-दोन सैल वेढे ठेवा, म्हणजे इंजिनची थरथर नळीवर येणार नाही.

दुसरं, विजेचं मीटर. आपल्याकडे जास्त हेच. इंजिनच्या पाण्यात एक सेन्सर बुडालेला असतो. त्याच्या आत एक पदार्थ असतो, जो तापला की विजेला होणारा अडथळा कमी करतो. तांब्याच्या तारेचं उलट असतं, ती तापली की अडथळा वाढतो. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. त्याच जातीचा खडा आज तुमच्या इंजिनमध्ये बसलाय. पाणी गार, अडथळा जास्त, करंट कमी, काटा सी वर. पाणी गरम, अडथळा कमी, करंट जास्त, काटा एच कडे.

आता यातली एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, कारण पुढचा सगळा भाग त्यावर उभा आहे. या सेन्सरला बहुतेक वेळा एकच वायर येते. दुसरी वायर कुठे आहे? नाहीच. करंट परत जातो तो सेन्सरच्या आट्यांतून इंजिनच्या ब्लॉकमध्ये, ब्लॉकमधून अर्थच्या पट्टीने चॅसीत, आणि चॅसीतून बॅटरीला. म्हणजे अर्धी वायरिंग लोखंडाची आहे. आणि लोखंडाला गंज चढतो.

पाणी एका सेकंदात तापत नाही

मिस्त्रीकडे जायच्या आधी, एक रुपयाही खर्च न करता, काट्याची चाल बघा. तपासणीचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच.

ट्रकच्या इंजिनमध्ये आणि रेडिएटरमध्ये कितीतरी लिटर पाणी फिरत असतं. ते तापायला वेळ लागतो, निवायलाही वेळ लागतो. म्हणून काटा हळूहळू, मिनिटा-मिनिटाने चढत असेल, तर तो बहुतेक खरं सांगतोय. काटा टुणकन उडी मारत असेल, खड्ड्यात चाक गेलं की वर, बाहेर आलं की खाली, तर ते पाण्याचं काम नाही, ते वायरचं काम आहे. रेस दिली की लगेच वर, सोडली की लगेच खाली? तेही विजेचं. एक तर अर्थिंग, नाही तर आल्टरनेटरचं चार्जिंग. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत, २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २८. त्याच्यापेक्षा फारच वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बघा, मीटरला दोष देऊ नका.

डिझेलचा काटाही त्याच वेळी नाचतोय का? दोन्ही काटे एकत्र नाचत असतील, तर सेन्सर निर्दोष आहे. डिझेलच्या टाकीतला फ्लोट आणि इंजिनमधला सेन्सर एकाच दिवशी बिघडणार नाहीत. दोघांचं जे सामायिक आहे तेच बिघडलंय. मीटरला येणारी सप्लाय, नाही तर डॅशबोर्डची अर्थ.

पण या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो जीवघेणा आहे. नीट ऐका. होज पाईप फुटला, पाणी निघून गेलं, तर सेन्सर पाण्यात राहत नाही, हवेत लटकतो. मग तो इंजिनचं नाही, आजूबाजूच्या हवेचं आणि वाफेचं तापमान सांगतो. बाहेर इंजिन भाजतंय, आणि काटा मात्र खाली येतो! ड्रायव्हरला वाटतं, चला, गाडी गार झाली. म्हणून चढावर, भरल्या गाडीत, काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. गाडी बाजूला घ्या. काटा वर गेला तर जेवढं घाबरता, तेवढंच काटा कारण नसताना पडला तर घाबरा. आणि मीटरची कोणतीही तपासणी करायच्या आधी, गाडी पूर्ण गार असताना, रेडिएटरचं पाणी बघा. पाणी कमी असेल तर पुढचं सगळं तपासणं फुकट आहे.

वायर काढा, वायर टेकवा

आता हात लावू. इंजिन बंद, गाडी गार, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. स्विच चालू करा, इंजिन सुरू करू नका.

सेन्सर शोधा. बहुतेक गाड्यांत तो थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा हेडवर असतो. तिथे दोन सारखे दिसणारे तुकडे असू शकतात. एक मीटरचा सेन्सर, दुसरा फक्त लाल दिव्याचा स्विच. दिव्याच्या स्विचची वायर मीटरला जोडली, तर काटा एक तर पूर्ण खाली, नाही तर पूर्ण वर, मधे कुठेच थांबत नाही. घाईत बदललेल्या गाड्यांत असंही सापडतं.

सेन्सरची वायर काढा आणि हवेत धरा. काटा सी वर जायला हवा. गेला? ठीक. नाही गेला, वरच अडकला, तर वायर वाटेत कुठे तरी सोलून लोखंडाला लागतेय, नाही तर मीटरच अडकलंय. मीटरच्या मागची वायर काढून बघा. तिथे काढल्यावर काटा पडला, तर दोष मधल्या वायरचा.

आता तीच वायर इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवा. क्षणभरच, धरून ठेवू नका. मधे एक छोटा बल्ब जोडून टेकवलं तर आणखी चांगलं, मीटरला धक्का बसत नाही. काटा एच कडे निघायला हवा. निघाला, तर मीटर चांगलं आणि वायरही चांगली. मग शंका सेन्सरवर, नाही तर त्याच्या आट्यांवर. नाही निघाला, तर मीटरच्या मागे टेस्ट लॅम्प लावा. सप्लायच येत नसेल तर फ्यूज आणि स्विच बघा. सप्लाय येत असेल तर वायर, नाही तर मीटर.

बघा, दोन मिनिटांत अर्धी शंका मिटली. आणि हे मिटवायच्या आधी आपण काय करतो? दुकानात जातो आणि म्हणतो, "एक सेन्सर द्या."

तीन सेन्सर आणि एक वायर

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. लोह्याकडचा पोरगा, वडिलांची जुनी दहाचाकी सांभाळतो. म्हणाला, "दादा, दिवसा काटा बरोबर असतो. रात्री हेडलाईट लावली की काटा वर चढतो. तीन सेन्सर बदलले. आता उस्ताद म्हणतेत मीटर बदल."

मी त्याला एवढंच सांगितलं, पैसे थांबव, एक लांब वायर घे. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक मीटरच्या अर्थच्या नटाला. मग हेडलाईट लाव. त्याने लावली. काटा जागचा हलला नाही. झालं, रोग सापडला. डॅशबोर्डची अर्थ.

असं का होतं? आपल्याकडे जुने ट्रक नुसत्या चॅसीवर यायचे, केबिन आणि बॉडी बांधणारे कारागीर वेगळे. बऱ्याच केबिन लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून बांधलेल्या. लाकडातून करंट जात नाही, म्हणून डॅशबोर्डला चॅसीपासून वेगळी अर्थ वायर ओढावी लागते. केबिन रंगवली, दुरुस्त केली, की ती वायर राहते, नाही तर रंगावर नट आवळला जातो. मग हेडलाईटचा मोठा करंट परत जायला वाट शोधतो, आणि मीटरच्या वाटेत घुसतो. काटा हलतो. पाण्याचा त्यात काही संबंध नाही.

तसंच इंजिनचं. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चॅसीपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेलं आहे. म्हणून इंजिन ते चॅसी अशी जाड अर्थची पट्टी असते. इंजिन बांधायला उतरवलं, परत चढवताना ती पट्टी राहिली, की झालं. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक टोक इंजिनच्या ब्लॉकला लावा आणि हेडलाईट चालू करून इंजिन सुरू ठेवा. जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसत असेल तर अर्थ कच्ची आहे. पट्टीची दोन्ही टोकं काढा, लोखंड चमकेपर्यंत घासा, आवळा, आणि वरून थोडं ग्रीस लावा.

सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळायची सवय आहे ना आपल्याला? नळाच्या कामात ती शोभते. इथे आट्या म्हणजेच अर्थची वायर. टेपने त्या झाकल्या तर सेन्सर चांगला असून काटा कमी दाखवेल. तांब्याचं वॉशर घाला, आट्या स्वच्छ ठेवा.

पातेल्यातली परीक्षा

शंका सेन्सरवरच आली, तर तो काढून तपासता येतो. गाडी गार करून, थोडं पाणी सोडून सेन्सर काढा. एका जुन्या पातेल्यात पाणी गरम करा. सेन्सरचं फक्त टोक पाण्यात, वरचा खिळा कोरडा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक खिळ्याला, एक बॉडीला. पाणी तापत जाईल तसा आकडा सरळ खाली यायला हवा. पाणी निवताना सरळ वर जायला हवा. मधेच उडी मारली, किंवा एकाच जागी अडून बसला, तर सेन्सर गेला. आकडा नेमका किती हवा? तो सेन्सरनुसार बदलतो. म्हणून सोपी युक्ती, दुकानातला नवा सेन्सर आणि जुना, दोन्ही त्याच पाण्यात शेजारी शेजारी धरा. फरक लगेच कळतो.

यापुढे जायचं असेल तर आणखी एक करा. गाडीजवळच चूल मांडा. सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात, त्याच्या बॉडीला एक वायर बांधून इंजिनला अर्थ, आणि खिळ्याला गाडीची मूळ वायर. स्विच चालू करा. काटा जिथे थांबेल तिथे काचेवर मार्करने एक बारीक रेघ मारा. लातूर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. नांदेड खाली आहे, तिथे ९९ च्या जवळ. म्हणजे तुमच्या मीटरवर ९८-९९ अंश कुठे आहे, ते आता तुम्हाला पक्कं माहीत झालं. सी आणि एच या दोन अक्षरांपेक्षा ती रेघ जास्त कामाची. इंजिन चालू असताना व्होल्टेज थोडं जास्त असतं, म्हणून काटा रेघेच्या थोडा इकडे-तिकडे होईल, तेवढं धरून चला.

एक लक्षात घ्या. सेन्सर आणि मीटर ही जोडी असते. दुसऱ्या गाडीचा सेन्सर आट्यांत बसला म्हणून तो आपल्या मीटरशी जुळेलच असं नाही. काटा चालतो, पण कायम चुकीचा चालतो. असा काटा बंद काट्यापेक्षा वाईट, कारण त्यावर आपण विश्वास ठेवतो.

बोअरचं पाणी आणि आपला जिल्हा

आता आपल्या भागाची खास गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा टँक होते, सुमारे पाच लाख लिटर पाणी. रेल्वेचं पाणी शहरात आलं, पण गल्लोगल्ली पोचवायचं काम टँकरचंच. मराठवाड्यात दर कडक उन्हाळ्यात हेच होतं. आणि टँकरचं काम इंजिनला सगळ्यात अवघड. अंतर थोडं, भार पूर्ण, वेग कमी, उभं राहणं जास्त, आणि बाहेर ४२-४३ अंशांचं ऊन. रेडिएटरला वारा मिळतच नाही.

त्यात आपण काय करतो? रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की समोरच्या बोअरचं टाकतो. टँकरवाल्याकडे तर पाणी मागेच असतं! पण खोल बोअरचं पाणी जड असतं. घरातल्या गीझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्यावर पांढरा थर बसतो ना, तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि सेन्सरच्या टोकावरही बसतो. क्षारातून उष्णता लोखंडापेक्षा फार कमी जाते. मग सेन्सरला पाण्याचं तापमान उशिरा कळतं, आणि इंजिनची उष्णता पाण्यात उशिरा जाते. एकीकडे गाडी जास्त तापते, दुसरीकडे काटा कमी दाखवतो. दोन्ही एकाच पाण्याने होतं.

उपाय महाग नाही. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. कूलंटने गंज थांबतो आणि उकळायचा बिंदूही वर जातो. आरओ मशिनच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी कधीच टाकू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. रेडिएटर धुवायला संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको, ते क्षाराबरोबर धातूही खातं. वाटेत नाइलाजाने बोअरचं टाकावं लागलं तर टाका, इंजिन वाचवणं आधी. पण घरी आल्यावर ते काढायचं लक्षात ठेवा.

दुसरी आपल्याकडची सवय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. "उस्ताद, गाडी गरम होते." "काढून टाक वॉल्व." झालं. थर्मोस्टॅट गाडीनुसार साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. तो काढला की हलक्या कामात इंजिन कायम गार राहतं, डिझेल जास्त पितं, लायनर-रिंग लवकर झिजतात, आणि काटा कायम खाली. मग आपण म्हणतो मीटर खराब! मीटर बिचारं खरं सांगत असतं. थर्मोस्टॅटही पातेल्यात तपासता येतो. गरम पाण्यात उघडला, गार झाल्यावर मिटला, तर तो चांगला आहे, परत बसवा.

काटा खरा निघाला तर

समजा सगळं तपासलं, मीटर चांगलं आहे, आणि तरी काटा चढतोय. मग अभिनंदन, मीटरने त्याचं काम केलं. आता गाडीचं काम करा. फॅन बेल्ट सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत ऊसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा अडकलाय का, होज पाईप आतून सोलून चिकटतोय का, कॅपचं रबर गेलंय का, वॉटर बॉडीतून पाणी गळतंय का. यातलं बरंच काही डोळ्यांनी दिसतं.

नांदेडहून लातूरकडे जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता एकूण चढाचाच आहे, दोन शहरांच्या उंचीत अडीचशे मीटरहून जास्त फरक. भरल्या गाडीत तिकडे जाताना काटा परतीपेक्षा थोडा वर राहणार, ते नैसर्गिक आहे. पण रेघेकडे सरकायला लागला तर गाडी बाजूला घ्या. बेल्ट शाबूत आहे, पाणी गळत नाही, तर इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहील. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. आणि रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही. अजिबात नाही. आत दाबाखालचं पाणी असतं, कॅप सैल होताच ते वाफेसकट तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. भाडं उशिरा पोचलं तर शिव्या बसतील, चेहरा भाजला तर तो परत मिळत नाही. आणि तापलेल्या इंजिनमध्ये एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

गाडी रोज कामाला असेल, तर विजेच्या मीटरबरोबर नळीचं एक साधं मीटर किंवा गरम झाल्यावर वाजणारा बझर बसवून घ्या. दोन साक्षीदार असले की खोटं लवकर पकडलं जातं.

बरं, मिस्त्रीशी बोलताना एक सांगतो. "मला कळतं, तुम्हाला कळत नाही" या सुरात जाऊ नका. उस्तादांनी आयुष्य त्या ग्रीसमध्ये घातलेलं असतं. पण "सेन्सर बदला" असं सांगायचं सोडून असं सांगा, "उस्ताद, वायर काढली तर काटा खाली येतो, टेकवली तर वर जातो, हेडलाईट लावली की हलतो." एवढं ऐकलं की चांगला मिस्त्री सरळ अर्थच्या पट्टीकडे हात घालतो. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात.

तर या रविवारचं काम. गाडी गार असताना पाणी बघा. वायर काढून आणि टेकवून काट्याची चाल बघा. अर्थची दोन्ही टोकं घासून घ्या. तिन्ही कामांना मिळून तासभर लागेल. आणि काटा चालू झाला की तुमच्या ड्रायव्हरला, म्हणजे वडिलांना, काकांना, जो कोणी गाडी चालवत असेल त्यांना, सांगा की आता काटा खरा आहे, त्याच्याकडे बघा. कारण दोन वर्षं न बघण्याची सवय लागलीय, ती मीटर दुरुस्त झालं म्हणून आपोआप जात नाही.

काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. गाडी किती व्होल्टची आहे आणि काटा नेमका कधी हलतो, एवढं सांगितलं तरी पुरे. भेटू पुढच्या भागात. गाडी हळू चालवा.